चित्र कोणी काढले, ते लिहा

संशोधन संस्थांचे संचालक, विज्ञानपत्रिकांचे संपादक आणि विज्ञानाच्या पुस्तकांचे प्रकाशक यांना खुले पत्र

सन्माननीय महोदय आणि महोदया,

ज्या संस्थेसाठी मी बरीच वर्षे वनस्पतींची चित्रे काढत आले, तिने अलीकडेच एक निर्णय घेतला. चित्रकाराचे पद यापुढे भरायचे नाही. नव्या प्रजातींच्या वर्णनाबरोबर लागणारी चित्रे संशोधकांनी सॉफ्टवेअरकडून तयार करून घ्यायची, आणि त्या सॉफ्टवेअरला वळण लावण्यासाठी संस्थेकडची जुनी चित्रे वापरायची. त्या जुन्या चित्रांत माझीही आहेत. मला कोणी विचारले नाही. कळवले मात्र, तेही परिपत्रकाची प्रत माहितीसाठी पाठवून. होणारी बचत त्यात ‘सजावट व मुद्रण’ या खर्चशीर्षाखाली दाखवली होती.

संस्थेचे नाव मी घेत नाही. भांडण एकाच संस्थेशी असते तर तिच्या कार्यालयात जाऊन भांडले असते. पण माझ्या ओळखीत शरीररचनेची चित्रे काढणारे आहेत, प्रथिनांचे आकार मांडणारे आहेत, चार हाडांवरून नामशेष प्राणी उभा करणारे आहेत. थोड्याफार फरकाने सगळ्यांच्या वाट्याला हेच येत आहे. म्हणून हे पत्र तुम्हा सर्वांना, आणि उघडपणे.

ज्याला तुम्ही सजावट म्हणता ते काम कसे चालते, ते आधी सांगते. हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, शीटवरची वनस्पती माझ्यापुढे येते तेव्हा दाबून चपटी झालेली असते, रंग उडालेला असतो. शास्त्रज्ञाच्या परवानगीने त्यातले एखादे फूल सुटे करायचे, गरम पाण्यात भिजवायचे, मऊ पडले की सूक्ष्मदर्शकाखाली सुईने उलगडायचे. संदले किती, पाकळ्या एकमेकींवर कशा चढल्या आहेत, परागकोश तंतूला पाठीवर जोडलेला आहे की बुडाशी, अंडाशयात कप्पे किती, हे बघत बघत रेघ पुढे सरकते. पानाच्या मागची लव सरळ केसासारखी आहे की चांदणीसारखी फुटलेली, एवढ्यावरून प्रजाती बदलू शकते. तिथे अंदाजाने चार ठिपके टाकून चालत नाही. पेन्सिलीचा कच्चा आराखडा शास्त्रज्ञाकडे जातो, वाद होतो, दुसरे फूल भिजत पडते. मसुद्यात लिहिलेले असते ‘पानाची खालची बाजू गुळगुळीत’, आणि भिंगाखाली लव ढळढळीत दिसत असते. मग मसुदा बदलतो. ती दुरुस्ती शास्त्रज्ञाच्या नावाने छापली जाते, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण जिच्यामुळे मजकूर दुरुस्त झाला तिच्या कामाला सजावट म्हणू नका.

फोटो काढा की, असे दर वेळी कोणीतरी म्हणतेच. जरूर काढा, मीही काढते. फोटोत एक झाड असते, ते झाड, त्या दिवशीचे, अळीने खाल्लेल्या पानासकट. चित्रात प्रजाती असते. एका हंगामातले फूल, दुसऱ्या हंगामातले फळ, बी, अंडाशयाचा आडवा छेद, प्रत्येकाशेजारी मोजपट्टी, आणि ओळखायला नेमके काय बघायचे तेवढेच ठळक. काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे ठरवण्यात ज्ञान लागते. लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये वनस्पतींना जी नावे दिली, त्यांतल्या कितीतरी नावांचा प्रमाण नमुना, म्हणजे ते नाव नेमके कोणत्या वनस्पतीचे हे ठरवणारा आधार, आज एखादे छापील चित्र आहे, कारण नाव देताना त्याने त्या चित्राचाच आधार घेतला होता. १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत निघालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथातली चित्रेही अशी प्रमाण ठरली आहेत. नव्या प्रजातींसाठी आजचा नियम प्रत्यक्ष नमुना मागतो, आणि ते योग्यच आहे. पण जे चित्र अडीचशे वर्षांहून जुन्या नावाचा भार पेलते, ते कोणत्या हिशेबात सजावट?

आता तक्रारी.

पहिली नावाची. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा निबंध आला. त्या छोट्याशा निबंधात एकच आकृती आहे: एकमेकींभोवती वळत जाणाऱ्या दोन फिती, त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या आणि मधून जाणारी अक्षाची उभी रेघ. विसाव्या शतकातले विज्ञान म्हटले की जी मोजकी चित्रे डोळ्यांपुढे येतात त्यांतले हे एक. ते ओडिल क्रिक या चित्रकर्तीने काढले. निबंधाच्या शेवटी आभार आहेत. त्यांत तिचे नाव नाही. नवऱ्याच्या निबंधाला बायकोने चित्र काढून दिले, त्यात काय आभार मानायचे, असे वाटले असेल कोणाला. मला तसे वाटत नाही.

त्याही आधी, विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने भारतीय चित्रकारांकडून वनस्पतींची सुमारे अडीच हजार चित्रे काढून घेतली. रॉक्सबर्ग सगळ्यांना माहीत आहे. ज्यांनी ती काढली त्यांपैकी बहुतेकांची नावेही आपल्यापर्यंत पोहोचली नाहीत. रॉबर्ट वाइट या वनस्पतिशास्त्रज्ञाने मात्र आपले चित्रकार रंगिया आणि गोविंदू यांची नावे राखली, आणि ऑर्किडांच्या एका प्रजातिसमूहाला ‘गोविंदूइया’ असे नाव दिले. पुढे वर्गीकरण बदलले, तो गट ट्रॉपिडिया या दुसऱ्या गटात विलीन झाला आणि गोविंदूचे नाव पर्यायी नावांच्या यादीत जाऊन बसले. शास्त्राच्या नियमाने जे व्हायचे ते झाले, त्याबद्दल कुरकुर नाही. वाइटला ते नाव द्यावेसे वाटले, हे मला मोठे वाटते.

आणि हे सगळे जुने झाले असे म्हणू नका. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेतल्या अ‍ॅलिसा एकर्ट आणि डॅन हिगिन्स या वैद्यकीय चित्रकारांनी करोना विषाणूचे चित्र तयार केले. करडा गोळा, त्यावर लाल काटे. ते साऱ्या जगाने पाहिले. तो विषाणू सुमारे १०० नॅनोमीटरचा, दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीहून कितीतरी लहान. त्याला आपल्या डोळ्यांना दिसेल असा रंगच नसतो. करडा कुठे, लाल कुठे, काटे किती उठावाचे, सावली किती गडद, हे सगळे त्या दोघांनी ठरवले. प्रथिनांच्या आकाराची माहिती हाताशी घेऊन ठरवले, आणि लोकांनी गांभीर्याने घ्यावे म्हणून ठरवले. त्यांच्या संस्थेने श्रेय दिले होते. पुढे ते चित्र जिथे जिथे छापले गेले त्यांतल्या बहुतेक ठिकाणी ते कापले गेले. तुमच्या पत्रिकेत, तुमच्या भित्तिपत्रकावर त्याखाली काय छापले होते, ते एकदा काढून बघा. माझा अंदाज आहे, ‘प्रातिनिधिक चित्र’.

दुसरी तक्रार: चित्रकाराला तुम्ही शेवटी बोलावता. संशोधन झाले, निबंध लिहून झाला, आता मुखपृष्ठासाठी काहीतरी छान द्या. जणू बघण्याचे काम संपले आहे आणि आता फक्त दाखवायचे उरले आहे. मेंदूच्या अभ्यासाचा इतिहास वेगळे सांगतो. कॅमिलो गोल्जी याने १८७३ मध्ये ऊतक रंगवण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात मोजक्याच चेतापेशी काळ्या पडतात, पण ज्या पडतात त्या फांद्याफांद्यांसकट. सान्तियागो रामोन इ काहाल याने तीच पद्धत सुधारून वापरली. पद्धत एक, यंत्र एक, पेशीही त्याच. गोल्जीला अखंड जाळे दिसले. काहालला सुट्या पेशी दिसल्या, एकमेकींच्या अगदी जवळ येऊन थांबणाऱ्या. लहानपणी चित्रकार व्हायचे होते त्याला, वडिलांनी वैद्यकाकडे वळवले. तो एकाच छेदाची नक्कल करत बसत नसे. अनेक छेदांत पाहिलेले एका चित्रात बसवत असे. म्हणजे त्याचे प्रत्येक चित्र हा एक निष्कर्ष होता. १९०६ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले, आणि गोल्जीने आपल्या नोबेल व्याख्यानातही काहालच्या मताला विरोध केला! पेशींमधली फट प्रत्यक्ष दिसली ती १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. तोवर ती काहालच्या कागदावर होती.

काहाल शास्त्रज्ञ होता, चित्रकार नव्हे, असे कोणी म्हणेल. चालेल. मग ज्या दिवशी तुमचे सगळे शास्त्रज्ञ काहालसारखे काढू लागतील त्या दिवशी मला बोलावू नका. तोवर मला सुरुवातीला बोलवा, नमुना ताजा असताना, शंका अजून सुटलेल्या नसताना. १९११ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मॅक्स ब्रोडेल याच्या हाताखाली वैद्यकीय चित्रकलेचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, तो याच समजुतीवर. चित्रकाराला आधी शरीर समजले पाहिजे, मग त्याने पेन्सिल उचलावी, असा ब्रोडेलचा आग्रह होता. शंभरहून अधिक वर्षे झाली त्याला.

तिसरी तक्रार सॉफ्टवेअरची, आणि इथे माझे म्हणणे नीट ऐकून घ्या, कारण मला यंत्रविरोधी ठरवणे फार सोपे आहे. जेन रिचर्डसन यांनी १९८१ मध्ये प्रथिनांच्या घड्या फितींच्या रूपात हाताने काढून दाखवल्या. आज तशा फिती कोणताही विद्यार्थी संगणकावर काढतो. त्यात काही वावगे नाही, कारण त्या फितीमागे अणूंच्या मोजलेल्या जागा आहेत. १९७९ मध्ये ज्याँ-पियेर ल्युमिने या खगोलशास्त्रज्ञाने कृष्णविवराचे चित्र प्रसिद्ध केले. प्रकाशाचे मार्ग संगणकाने काढले होते. त्या आकड्यांवरून कागदावर शाईचे ठिपके त्याने हाताने दिले. पुढे २०१९ मध्ये कृष्णविवराची जी खरी प्रतिमा आली, ती रेडिओ लहरींतून मिळालेली. तिचा नारिंगी रंग माणसांनी निवडलेला आहे आणि तसे उघड सांगितलेले आहे. या सगळ्यांत यंत्र आहे, आणि प्रत्येक ठिपका कुठून आला हे सांगता येते.

तुम्ही ज्या सॉफ्टवेअरकडे वळत आहात त्याला हे सांगता येत नाही. त्याने पाहिलेल्या हजारो चित्रांत जे साधारणपणे असते, तेच ते काढते. मग एकच विचारते. नवी प्रजाती म्हणजे काय? आजवर कोणी वर्णन न केलेली, कोणी न काढलेली. तिच्या नातलगांना पाच पुंकेसर असतात आणि हिला चार आहेत, म्हणून तर ती नवी. जुन्या चित्रांच्या सरासरीतून तो चौथ्यावर थांबण्याचा निर्णय कुठून येणार? सॉफ्टवेअर पाचवा पुंकेसर काढेल, सुंदर काढेल, सावलीसकट काढेल.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘फ्रंटियर्स’ समूहाच्या एका पत्रिकेत असे यंत्रनिर्मित उंदराचे चित्र छापून आले. त्या उंदराचे जननेंद्रिय त्याच्या अंगाहून मोठे होते आणि अवयवांना दिलेली नावे कोणत्याही भाषेतली नव्हती. समीक्षणातून, संपादनातून ते पार झाले. वाचक हसले, आणि काही दिवसांत निबंध मागे घेतला गेला. मला त्या उंदराची भीती वाटत नाही. त्याची चूक शाळकरी मुलालाही दिसते. भीती वाटते ती पाचव्या पुंकेसराची, जो कोणालाच खटकणार नाही आणि पुढच्या पुस्तकात तसाच उतरेल.

माणूस चुकत नाही का? चुकतो, लबाडीही करतो. अर्न्स्ट हेकेल या जीवशास्त्रज्ञाने १८६८ च्या पुस्तकात कुत्रा, कोंबडी आणि कासव यांचे भ्रूण दाखवायला एकच ठसा तीनदा वापरला. पण ते कोणी केले हे माहीत होते. समकालीनांनी त्याला नाव घेऊन जाब विचारला, त्याला उत्तर द्यावे लागले, पुढच्या आवृत्तीत बदल करावा लागला. चित्राखाली नाव हवे ते माझ्या कौतुकासाठी नव्हे. उद्या कोणाला शंका आली तर हा पुंकेसर कोणी पाहिला, कोणत्या नमुन्यात पाहिला, हे विचारायला कोणीतरी असावे, यासाठी. ‘नेचर’ने २०२३ मध्येच अशी यंत्रनिर्मित चित्रे छापणार नाही असे धोरण जाहीर केले, काही अपवाद ठेवून. तुम्हाला ते अवघड का वाटावे?

चौथी तक्रार थोडक्यात. करारपत्रात ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे’ एवढे एक वाक्य घालून तुम्ही मोकळे होता. ते वाक्य लिहिले गेले तेव्हा चित्रांवर सॉफ्टवेअर पोसता येते हे तुम्हालाही ठाऊक नव्हते आणि आम्हालाही. आता त्याच वाक्याचा आधार घेऊन आमच्याच चित्रांवर आमची जागा घेणारे यंत्र घडवणे कायद्यात बसतही असेल. सचोटीत बसत नाही.

एक किरकोळ गोष्ट, पण राहवत नाही. वर्षातून एकदा ‘कला आणि विज्ञानाचा संगम’ नावाचा सोहळा होतो. आम्हाला व्यासपीठावर बसवले जाते, आमची चित्रे मोठी करून भिंतीवर लावली जातात, भाषणांत लिओनार्दो येतोच येतो. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शक वापरायला मागितला की अर्ज करा म्हणतात. लिओनार्दोला थोडी विश्रांती द्या आणि तेवढ्या वेळात आम्हाला प्रयोगशाळेची किल्ली द्या.

पैसे कमी आहेत हे मला माहीत आहे. एक नीट चित्रफलक व्हायला दिवस जातात, सॉफ्टवेअरला क्षण लागतो, हेही खरे. प्रत्येक निबंधाला हाताने काढलेले चित्र हवे असा माझा हट्ट नाही. व्याख्यानाच्या सरकचित्रांत, आमंत्रणपत्रिकेवर काय वापरायचे ते वापरा. पण जे चित्र पुरावा म्हणून छापले जाते, ज्यावरून दुसरा माणूस रानात जाऊन झाड ओळखणार आहे किंवा विद्यार्थी शरीर शिकणार आहे, तिथे पुढील गोष्टी व्हाव्यात अशी माझी मागणी आहे.

१. प्रत्येक चित्राखाली चित्रकाराचे पूर्ण नाव छापा, आणि चित्र ज्या नमुन्यावरून काढले त्याचा क्रमांक द्या. संशोधनातला सहभाग नोंदवायला अनेक पत्रिका ‘क्रेडिट’ ही १४ भूमिकांची यादी वापरतात. तिच्यात दृश्यांकन ही भूमिका आहेच. नवा रकाना काढावा लागणार नाही, असलेला भरा.

२. चित्र काढताना प्रजातीचे एखादे लक्षण चित्रकाराच्या ध्यानात आले आणि ते वर्णनात गेले, तर तसे निबंधात लिहा. ते लक्षण निर्णायक असेल तर सहलेखकत्वाचा विचार करा.

३. पुरावा म्हणून छापायच्या चित्रांत यंत्रनिर्मित प्रतिमा घेणार नाही, असे लेखी धोरण जाहीर करा. मोजमापांवरून संगणकाने काढलेल्या आकृत्या यात येत नाहीत, हेही स्पष्ट लिहा, म्हणजे गोंधळ होणार नाही.

४. आमची जुनी चित्रे सॉफ्टवेअरला शिकवण्यासाठी वापरायची असतील तर प्रत्येक चित्रकाराची वेगळी, लेखी संमती घ्या. जे हयात नाहीत त्यांच्या वारसांना विचारा. वारस सापडत नसतील तर वापरू नका.

५. मूळ चित्रे गोदामात टाकू नका. ज्या नमुन्यावरून ती काढली त्याच्या नोंदीला जोडून, त्याच काळजीने जतन करा.

६. चित्रकाराची पदे रद्द करण्याआधी, त्या चित्रांवर रोज काम करणाऱ्या संशोधकांचे मत घ्या आणि ते प्रसिद्ध करा. ज्या संस्थेने निर्णय घेतला आहे तिने तो स्थगित ठेवून हे करावे. आणि खर्चाचे शीर्ष बदलावे. हे काम संशोधनाच्या खात्यात टाकावे.

यांतल्या तीन मागण्यांना एक पैसाही लागत नाही. त्या कोणत्या, हे हिशेब ठेवणाऱ्यांना लगेच कळेल.

माझ्याकडे सध्या एका वेलीचे काम अर्धवट आहे. ते मी पुरे करणार आहे, कारण ज्या संशोधिकेसाठी ते चालले आहे तिचा यात काही दोष नाही. त्यानंतर मात्र चौथ्या मागणीतली अट करारात असल्याशिवाय मी कोणत्याही संस्थेला मूळ चित्र किंवा त्याची प्रत देणार नाही. माझ्यासारखे काम करणाऱ्या इतरांनीही ही अट घालावी, अशी त्यांना या पत्रातूनच विनंती आहे. आणि संशोधकांनो, तुमच्या पुढच्या निबंधाची मुद्रिते तपासताना चित्राखालच्या ओळीत नाव नसेल तर ते तुम्हीच घाला. त्यासाठी कोणाच्या धोरणाची वाट बघावी लागत नाही.

तुमचे उत्तर पत्राने नको, जाहीर हवे. ‘विचाराधीन’ हे उत्तर मी उत्तर धरणार नाही.

आपली,
एक विज्ञानचित्रकार